‘सर, सही करू का?’

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

‘ताई, मी ४१ वर्षांचा आहे, धनकवडीत राहतो, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेब बघतो. नऊ वर्षांपूर्वी सात पोरं आणि उसना आणलेला एक बॉल घेऊन रग्बी शिकवायला लागलो. आज क्लबमध्ये साठ मुलं-मुली आहेत, बरीचशी जनता वसाहतीतली. एक रुपया मानधन घेतलं नाही. टूर्नामेंटला गेलो की मालक पगार कापतो, तेही सोसलं.

यंदा एका बिल्डरने स्पॉन्सरशिप दिली आणि कमिटीने बाहेरून हेड कोच नेमला. वय ३२, परदेशात शिकून आलेला. मला फोनवर सांगितलं, तुम्ही असिस्टंट राहा. वर मलाच काम दिलं, की सगळ्या सीनियर मुलांच्या एका कागदावर सह्या घ्या: तीन वर्षं दुसऱ्या कुठल्या क्लबकडून खेळणार नाही.

त्याच आठवड्यात कळलं, की माझा सगळ्यात चांगला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, गेले दोन महिने एका एजंटशी बोलतोय. मुलगा २१ वर्षांचा, बाराव्या वर्षापासून माझ्या हाताखाली. युरोपातल्या क्लबात खेळायला नेतो, आधी दीड लाख भरा, असं एजंट म्हणतो. त्याची आई पोळ्यांची कामं करते, ती दागिने मोडायला निघालीय. मला त्याने अवाक्षर सांगितलं नाही. काल जाब विचारला तर मान खाली घालून म्हणाला, “सर, सही करू का?” कुठली सही, हे मी विचारलंही नाही. उठून आलो.

त्याची सगळी सर्टिफिकेटं अजून माझ्या कपाटात आहेत. वाटतं, सगळं सोडावं, नाहीतर पंधरा पोरं घेऊन नवा क्लब काढावा. मंगळवारी कमिटीची बैठक आहे. काय करू?’

दादा,

तुम्ही उठून आलात, तिथूनच सुरुवात करते. त्या मुलापुढे दोन कागद आहेत, एक क्लबचा आणि एक एजंटचा. दोन्हींबद्दल विचारावं असा माणूस त्याला तुमच्याशिवाय नाही. दोन महिने तो बोलला नाही याचं तुम्हाला लागलंय आणि ते लागणारच. पण शेवटी विचारलं त्याने तुम्हालाच. म्हणून मंगळवारच्या आधी त्याला भेटा. ग्राउंडवर नको, तिथे तुम्ही सर होता आणि तो खाली मान घालतो. सकाळी तळजाईला घेऊन जा, चालता चालता माणूस मोकळा बोलतो. ‘माझ्यापासून का लपवलंस’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. ‘कागद दाखव’ एवढंच म्हणा.

एजंटचा विषय लवकर संपवते, कारण त्यात दुमत व्हायला जागाच नाही. पैसे भरायचे नाहीत. दीड लाख नाही, दीड हजारही नाहीत. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो खेळाडूला पैसे देतो, त्याच्या आईकडून घेत नाही. खऱ्या एजंटचा मोबदला झालेल्या करारातून निघतो. आणखी एक खूण सांगते. एका देशाच्या संघटनेकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशात खेळायला जातो तेव्हा वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे मूळ संघटनेची लेखी मंजुरी लागते. आपल्याकडे ती रग्बी इंडियाकडून घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या व्हिसासाठी तिथल्या संघटनेची शिफारसही हवी. तर एजंटला दोनच गोष्टी विचारा: क्लबचं त्याच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं पत्र कुठे आहे आणि मंजुरीसाठी रग्बी इंडियाला कोण लिहिणार? ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, मग बदलून घेऊ’ असं उत्तर आलं तर तिथेच फोन ठेवा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या, टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि पगारी काम करता येत नाही. परक्या मुलखात बेकायदा काम करताना गुडघा गेला, तर त्या पोराला दवाखान्यात नेणारंही कोणी नसेल.

हे आईला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मुलाकडून निरोप पाठवू नका. आईला वाटतंय की दागिने मोडले म्हणजे आपण पोरासाठी सगळं केलं. तिला कोणीतरी समोर बसून सांगायला हवं, की दागिने राहू दे, पोराच्या वाटेत तू कुठे कमी पडलेली नाहीस.

मुलाच्या डोक्यात युरोप कुठून आलं असेल, हे मला समजू शकतं. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सेव्हन्सचा म्हणजे सात-सात खेळाडूंचा खेळ, चार-चार मिनिटांचे चार डाव. जगातले नावाजलेले खेळाडू आपल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून धावताना सगळ्यांनी पाहिले. पुण्याचा संघ त्यात नव्हता, तरी पुण्याच्या पोरांना स्वप्न पडलंच आणि पडावंच. फक्त त्याला हेही सांगा, की ती स्पर्धा दोन आठवड्यांत आटोपली. आणि जिथे हा खेळ वर्षभर पोट भरतो, तिथलीही गोष्ट सांगा. इंग्लंडच्या प्रीमियरशिपमध्ये २०२२चा हंगाम सुरू झाला तेव्हा १३ क्लब होते. ऑक्टोबरपर्यंत वूस्टर आणि वॉस्प्स दिवाळखोरीत गेले, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश गेला. वूस्टरच्या खेळाडूंचे करार एका दिवसात संपले. त्यात देशासाठी खेळलेली माणसं होती, घराचे हप्ते भरणारी होती. मी त्याला घाबरवा म्हणत नाही. पण आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली आणि ती फिजिओथेरपिस्टही आहे. भारतीय महिलांनी २०१९मध्ये सिंगापूरला २१-१९ हरवून पंधरांच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, त्या पिढीची ती खेळाडू. हाताशी एक पेशा आणि खेळही देशासाठी, असं जगलेलं माणूस आपल्याच गावात आहे. तिचं उदाहरण त्या पोराला एजंटपेक्षा जवळचं वाटेल.

आता क्लबचा कागद. दादा, इथे मी तुमच्याशी जरा कडक बोलणार आहे.

त्या सह्या तुम्ही गोळा करायच्या नाहीत. कमिटीने हे काम तुमच्याकडे का दिलं, याचा विचार करा. नव्या कोचने कागद पुढे केला तर पोरं विचारतील, यात काय लिहिलंय? तुम्ही केलात तर न वाचता सही करतील. नऊ वर्षांत तुम्ही जो विश्वास कमावलात, तोच कमिटीला त्या कागदाखाली शाईसारखा वापरायचाय. उद्या एखाद्या मुलीला रेल्वेकडून किंवा दुसऱ्या राज्यातून संधी आली आणि हा कागद आडवा आला, तर तिला आठवेल ते हेच, की सरांनी सांगितलं म्हणून सही केली.

कागदात काय टिकेल, हेही समजून घ्या. भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. करार चालू असताना ‘आमच्याकडेच खेळ’ म्हणता येतं, करार संपल्यावर मात्र बांधून ठेवता येत नाही. मोबदल्याशिवाय केलेला करारही सहसा टिकत नाही. मुलांना क्लब काही देणारच नसेल, तर तीन वर्षं कशाच्या बदल्यात मागताय? आणि तुमच्या सीनियर संघात १८ पूर्ण न झालेली पोरं असतील, तर त्यांच्या सहीला करार म्हणून काही अर्थच नाही. प्रत्यक्ष कागद मात्र वकिलाला दाखवा. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे मोफत सल्ला मिळतो. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अटही नसते. त्यामुळे त्या विंगरच्या आईला बरोबर घेऊन गेलात तर दोन्ही कागद एकाच खेपेत तपासून होतील.

कमिटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. बिल्डरने पैसे घातले, त्याला संघ हातात राहावा असं वाटणारच. हा पेच रग्बीइतकाच जुना आहे. १८९५मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावात उत्तरेकडचे क्लब मूळ संघटनेतून फुटले, ते कशावरून? तिथले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्या एवढीच मागणी होती, आणि संघटना म्हणाली, पैसा घेऊन खेळणं आमच्या खेळात बसत नाही. त्या फुटीतून रग्बी लीग हा वेगळा खेळच जन्मला. मूळ खेळाने, म्हणजे रग्बी युनियनने, मात्र पैशाला दार उघडायला ऑगस्ट १९९५ उजाडू दिला, म्हणजे बरोबर शंभर वर्षं. टूर्नामेंटला गेल्यावर तुमचा मालक पगार कापतो, हे वाचताना मला त्या गिरणीकामगारांची आठवण झाली. ही नऊ वर्षांची कपात कोणीतरी लिहून ठेवली आहे का? माझी खात्री आहे की नाही. तुमचा क्लब आजवर शब्दावर चालला आणि छान चालला. पण आता पैसा आलाय. पैसा आला की शब्दावर विसंबलेल्या माणसाचंच आधी नुकसान होतं. म्हणून कागदाला विरोध करू नका, चांगला कागद मागा. एका हंगामाचा करार, प्रवास आणि जेवणाचा खर्च क्लबचा, अपघात विमा क्लबने उतरवायचा, शस्त्रक्रियेचा खर्च त्यात बसायला हवा, आणि वरच्या पातळीवर निवड झाली किंवा नोकरी लागली तर पंधरा दिवसांत एनओसी. प्रत मराठीत, घरी न्यायला आठवडाभर मुदत. खांदा निखळलेल्या पोराचं बिल कोण भरतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. विम्याचा मुद्दा मागे ठेवू नका.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. तो तुम्ही पत्रात दोनच ओळींत उरकलात, पण सगळ्यात खोल तोच गेलाय.

मी एका शाळेत खो-खोच्या मुलींना सहा वर्षं शिकवत होते. एके दिवशी संस्थेने नवा प्रशिक्षक आणला आणि मला शिपायाकरवी चिठ्ठी आली. मी त्याच दिवशी मैदान सोडलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरी आली, नवे बूट कुठले घेऊ म्हणून विचारायला. मी म्हटलं, ‘नव्या सरांना विचार.’ ती काही न बोलता जिना उतरून गेली. माझा अपमान खरा होता, पण त्याचा हिशेब मी तिच्याकडून चुकता केला. तुम्ही काल उठून आलात ना, तेव्हा तुमच्या हातून तेच झालं. म्हणून मी तुम्हाला त्या मुलाकडे आधी पाठवतेय.

बाहेरून कोच आणणं म्हणजे तुमच्या कामाला नापास करणं नव्हे. स्पॉन्सरला दाखवायला बायोडेटा लागतो, कमिटीने बायोडेटा विकत घेतला. फोनवर सांगितलं, ही मात्र वागण्याची रीत नाही आणि ते बैठकीत शांतपणे बोलून दाखवा. पण ‘असिस्टंट’ या शब्दाने खचू नका. क्रिकेटमुळे आपल्याकडे असिस्टंट म्हणजे कोन उचलणारा, असं डोक्यात बसलंय. रग्बीत तसं नसतं. तिथे स्क्रम (दोन्ही संघांची एकमेकांना भिडून रेटारेटी) एकाकडे, लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल आत फेकून झेलणं) दुसऱ्याकडे, डिफेन्स तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाचं नाव त्याच्या कामाने घेतलं जातं. शॉन एडवर्ड्सचं बघा. २००८ ते २०१९ तो वेल्सचा डिफेन्स कोच होता. वॉरन गॅटलंड मुख्य, हा त्याच्या हाताखाली. त्या काळात वेल्सने तीन वेळा ग्रँड स्लॅम जिंकला, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. मग तो फ्रान्सकडे गेला, तेही डिफेन्सच सांभाळायला, आणि २०२२मध्ये फ्रान्सने ग्रँड स्लॅम केला. टॅकलची रांग कशी उभी राहते, हे शिकायचं असेल तर जग त्याच्याकडे बघतं. अँडी फॅरेलचंही तसंच. २०१५च्या विश्वचषकात इंग्लंड घरच्या मैदानावर साखळीतच बाद झालं, नवा मुख्य कोच आला आणि जुने सहायक घरी गेले, त्यात हा होता. तो आयर्लंडला डिफेन्स कोच म्हणून गेला, चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, मग मुख्य झाला. २०२३चा ग्रँड स्लॅम त्याचा आणि २०२५मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित लायन्स संघाने ऑस्ट्रेलियात मालिका जिंकली तीही त्याच्याच मार्गदर्शनाखाली.

तर मंगळवारी ‘असिस्टंट होणार की नाही’ या प्रश्नाला हो-नाही उत्तर देऊ नका. विचारा, कसला असिस्टंट? तुमच्या पत्रावरून मला वाटतं, की तुमची ताकद लहान पोरांत आहे. बॉल कधी हातात न धरलेल्या मुलाला तुम्ही संघात उभं करता. मग १८ खालच्या मुला-मुलींचा मुख्य प्रशिक्षक हे पद मागा. त्या वयोगटात कोण खेळेल, याचा शेवटचा शब्द तुमचा. मानधन ठरवून घ्या, कमी असलं तरी चालेल, पण शून्य नको. वर्ल्ड रग्बीच्या पुढच्या लेव्हलच्या कोर्सचा खर्च क्लबने करावा. आणि हे सगळं नेमणुकीच्या पत्रावर, दोन हंगामांसाठी, अध्यक्षांच्या सहीने. त्याच एडवर्ड्सची एक गोष्ट याला जोडून सांगते. २०१८मध्ये विगन या त्याच्या जुन्या लीग क्लबने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं, की आमचा पुढचा मुख्य कोच हाच. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, मी येत नाही, करारावर माझी सही झालेली नाही. एवढा जुना, एवढा मोठा क्लब, पण हातात कागद नव्हता. तुमच्याशी तर नुसत्या फोनवर बोलणं झालंय.

पंधरा पोरं घेऊन नवा क्लब काढायचं म्हणता, ते यंदा करू नका. हक्क तुम्हाला नाही असं नाही. पण हंगामाच्या मध्यात संघ फुटला की ज्या पोरांची यंदा राज्य संघात निवड होऊ शकते, त्यांचं वर्ष वाया जातं, आणि राज्य संघटनेच्या नोंदणीत दोन क्लब भांडत बसतात. न्यूझीलंडने मार्च २०२३मध्येच जाहीर करून टाकलं, की विश्वचषकानंतर इयन फॉस्टरच्या जागी दुसरा कोच येणार. पुढचे सात-आठ महिने तो माणूस ‘जाणारा कोच’ म्हणून वावरला. त्याने काम सोडलं नाही. संघ अंतिम सामन्यात नेला, तिथे दक्षिण आफ्रिकेकडून १२-११ असा एका गुणाने हरला. हंगाम संपू द्या. कमिटीने लेखी काहीच दिलं नाही तर एप्रिलमध्ये राजीनामा द्या आणि त्यानंतर ज्याला यायचं तो येईल. एकालाही ‘चल’ म्हणू नका. तुम्ही म्हटलंत तर ती पोरं येतील, आणि ती मनापासून आली की भिडेखातर, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

नव्या कोचला बैठकीआधी एकदा चहाला भेटा, हेही जमलं तर करा. ३२ वर्षांचा मुलगा आहे, परक्या गावात आलाय. कुठलं पोर उपाशी ग्राउंडवर येतं, कुणाचा बाप पिऊन येऊन तमाशा करतो, कुणाला डोक्याला मार लागून गेल्या वर्षी चक्कर आली होती, हे त्याला कुठल्याही कोर्समध्ये सांगितलेलं नाही. डोक्याला मार लागलेल्या पोराची गोष्ट तर त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवी, मग तुमचं पद काहीही ठरो.

शेवटचं, सर्टिफिकेटांचं. ती तुमच्या कपाटात आहेत, प्रेमाने जपलेली आहेत, पण ती त्या मुलाची आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेचं कुठलं सर्टिफिकेट त्याला चालतं आणि पडताळणी कशी होते, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. दीड लाखाच्या एजंटपेक्षा तो रस्ता त्या घराला जास्त उपयोगाचा ठरू शकतो. तळजाईला जाल त्या दिवशी एक प्लास्टिकची फाइल घ्या, मूळ प्रती तारखेप्रमाणे लावा, झेरॉक्सचा एक संच क्लबसाठी ठेवा. परत येताना त्याच्या घरी थांबा आणि फाइल त्याच्या आईच्या हातात द्या. बैठकीत काय झालं, ते बुधवारी मला कळवा.